मामाचा गुडघा आणि आमचा फॅमिली ग्रुप

चार दिवस झाले, ग्रुपवर दुसरा विषय नाही. साताऱ्याच्या मामाचा गुडघा बदलायचाय, वय 71, इन्सुलिन चालू, सहा वर्षांपूर्वी स्टेंट टाकलेला, त्यामुळे भूलतज्ज्ञ म्हणाले आधी फिजिशियनचा फिटनेस आणा. झालं! दादा म्हणतो ही सगळी कट प्रॅक्टिस, डॉक्टरांची कमिशनबाजी, आणि पुण्याची वहिनी म्हणते इकडे आणा, अँजिओग्राफीच करून टाकू, डोक्याला ताप नको.

मला दोघांचाही राग आला. इकडे इंग्लंडात लेस्टरला नवऱ्याच्या हर्नियाच्या वेळी ऑपरेशनआधीच्या तपासणीच्या नर्सने आधी काय विचारलं, तर दोन जिने न थांबता चढता का, आणि गोळ्या कुठल्या. हृदयाचा अंदाज घ्यायचा, बिनखर्चाचा प्रश्न. हे मी लिहिलं तर दादाचा लगेच टोमणा, "आणि नंबर किती महिन्यांनी लागला?" मी उत्तर दिलं नाही. (चौदा.)

पण मामाचं वेगळंय. तो जिना चढत नाही तो गुडघ्यामुळे की दम लागतो म्हणून, हेच कोणी विचारलेलं नाही. हाच माणूस सज्जनगड एका दमात चढायचा आणि वर जाऊन आमची वाट बघत बसायचा. ऑपरेशनमध्ये हृदयाला किती धोका आहे ते बघायला डॉक्टर लोक 1999 पासून सहा मुद्द्यांची एक यादी वापरतात, त्यातले हृदयविकार आणि इन्सुलिन असे दोन मामाकडे आहेतच, म्हणजे भूलतज्ज्ञांचं काय चुकलं? आणि वहिनी, काही त्रास नसताना ऑपरेशनआधी ब्लॉक काढून घेतल्याने फायदा होतोच असं नाही. रक्तवाहिन्यांच्या मोठ्या ऑपरेशनआधी अमेरिकेत करून बघितलं होतं, 2004 ला निकाल आला, मृत्यू कमी झाले नाहीत.

खरी गंमत गोळ्यांची आहे. 2008 च्या एका मोठ्या अभ्यासात, आठ हजारांवर पेशंट होते, ऑपरेशनच्या दिवशीच मेटोप्रोलॉल ही हृदयाचे ठोके कमी करणारी गोळी सुरू केली तर हार्ट अटॅक कमी झाले पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. म्हणून ऐनवेळी सुरू करायची नाही, पण आधीपासून चालू असेल तर अचानक तोडायचीही नाही, कोलेस्टेरॉलची गोळीसुद्धा चालूच ठेवतात. रक्त पातळ करणाऱ्या इकोस्प्रिनचं मात्र सर्जन आणि हार्टवाल्यांनी एकत्र बसून ठरवायचं.

हे मला एवढं पाठ का आहे ते ग्रुपवर कधी लिहिलं नाही. बाबांच्या ऑपरेशनला "उपाशीपोटी" म्हणून सगळ्याच गोळ्या बंद केल्या होत्या, त्या कोणी परत सुरूच केल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर त्यांना नुसता घाम येत होता, छातीत दुखत नव्हतं. वेदनाशामक चालू असताना अटॅकसुद्धा दुखेलच असं नाही हे मला तेव्हा कुठे माहीत! मीच आईला म्हणाले, थकलेत, झोपू दे त्यांना.

काल रात्री मामाला वेगळा मेसेज केला, दम लागतो का रे, खरं सांग. त्याचा व्हॉइस मेसेज आला, मागे एसटीचा हॉर्न, "दम बिम काही नाही गं, गुडघाच. तू येतीयेस का ऑपरेशनला?"

रजा बघते, असं टाइप केलं. नेहमीसारखं.