म्हणे "तशीही ती चॅनेल्स कोणी बघत नव्हतं"

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांबेल. कंटाळा आला तर सोडून द्या.

डिशचा पॅक बदलायचा होता. फोनवरच्या मुलाला विचारलं, इंग्रजी मालिकांची, विज्ञानकथा वगैरे जरा वेगळ्या धाटणीचं दाखवणारी चॅनेल्स कुठल्या पॅकमध्ये आहेत? तो म्हणाला, "मॅडम, त्यातली बरीचशी बंद झाली. तशीही ती कोणी बघत नव्हतं." त्या पोराचा काही दोष नाही, त्याला जे सांगितलंय ते तो बोलतो. पण वाक्य डोक्यातून जात नाहीये. अहो, आम्ही बघत होतो! माझे बाबा बघत होते!

बाबांचं इंग्रजी बेताचं, ऑफिसच्या पत्रव्यवहारापुरतं. नव्वदच्या दशकात घरी केबल आली ती बातम्या आणि क्रिकेटसाठी. एका रात्री गेलेले लाइट परत आले आणि चॅनेल बदलता बदलता बाबा थबकले. स्टारवर 'एक्स-फाइल्स' ही परग्रहवासी आणि गूढ घटनांवरची अमेरिकन मालिका चालू होती. त्यातले तपास अधिकारी मल्डर आणि स्कली टॉर्च घेऊन अंधारात काहीतरी शोधत होते. बाबा उभ्यानेच बघत राहिले, मग हळूच खुर्ची ओढून बसले. त्यानंतर ते आमचं ठरूनच गेलं. आई झोपलेली असायची, आवाज अगदी बारीक, आणि मी कुजबुजत मराठीत सांगत जायचे. भाग परत कधी लागणार ती वेळ बाबा कालनिर्णयवर पेन्सिलीने लिहून ठेवायचे, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.

तोवर बाबा माझ्याशी मार्कांपलीकडे फारसं बोलत नसत. त्या मालिकेनंतर सकाळच्या चहाला प्रश्न सुरू झाले. समजा खरंच कुणाचा संदेश आला, तर पृथ्वीच्या वतीने उत्तर कोणी द्यायचं? ते लोक आपल्यापेक्षा हजार वर्षं पुढे असतील तर आपल्याशी बोलतील तरी कशाला? माझा बाप असा विचार करतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आता सांगा, ही मालिका बाबांनी शोधून काढली असती का? काय शोधायचं हेच ज्याला माहीत नाही, तो सर्चमध्ये काय टाइप करणार? "ओटीटीवर सगळं आहे की" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो इथे. ॲप तुम्हाला तेच दाखवतं जे तुम्ही काल बघितलंत. बाबांच्या टीव्हीवर आज भजनं आणि बातम्यांचे व्हिडिओ समोर येतात, कारण काल त्यांनी तेच बघितलं. त्यातून त्यांना बाहेर काढणारा चुकून लागलेला भाग आता येणार कुठून?

ॲपवर सबटायटल्स असतात, जाहिराती कमी, अख्खा सीझन एका रात्रीत संपवता येतो. हे मान्य. पुढे.

चॅनेल्स कशी गेली ते आठवून बघा. २००० साली 'कौन बनेगा करोडपती' आलं आणि तोवर इंग्रजी मालिकाही दाखवणारं स्टार प्लस पूर्ण हिंदी झालं. मग १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचे, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाचे, नवे दर लागू झाले, ज्याला जे हवं त्याने तेवढंच निवडून पैसे भरायचे. न बघितलेल्या चॅनेलचे पैसे कुणी का द्यावेत, हे बरोबरच आहे. पण आधीच्या पॅकमध्ये सगळं एकत्र यायचं, त्या जुन्या गठ्ठ्यातच ही छोटी चॅनेल्स घराघरात पोचत होती. गठ्ठा सुटला आणि ती यादीच्या तळाशी गेली. कोण काय बघतं ते नोंदवणाऱ्या, निवडक घरांतल्या मीटरवर देशाची आवड मोजायची म्हटल्यावर अशा चॅनेलच्या वाट्याला काय येणार? जाहिरातदार फिरकत नाही. ३० जून २०२० ला इंग्रजी मालिकांचं एएक्सएन बंद. त्याच वर्षी १५ डिसेंबरला एचबीओ आणि डब्ल्यूबी बंद. लोक घरात कोंडलेले, टीव्हीला चिकटलेले असताना ही चॅनेल्स गेली, आणि कुणी एक शब्द काढला नाही. मीसुद्धा नाही. आपण सगळेच तेव्हा वेगळ्या काळजीत होतो.

आणि मला चीड नुसती इंग्रजी चॅनेल्सची नाही. आपल्या दूरदर्शनवरही विज्ञानमालिका होत्या. 'स्पेस सिटी सिग्मा' होती. 'इंद्रधनुष' होती. १९९८च्या सुमाराला केतन मेहतांची 'कॅप्टन व्योम' आली, मिलिंद सोमण अंतराळात गुन्हेगारांच्या मागे! आज त्यांच्या क्लिप टाकून लोक हसतात. सेट पुठ्ठ्याचे दिसतात म्हणे. दिसू देत. तुटपुंज्या पैशांत त्या लोकांनी भारतीय माणूस अंतराळयानात बसवून दाखवला. पुढच्यांनी त्यावर रचत जायला हवं होतं, तर ती वाटच बुजवून टाकली. आज रात्री आठ ते दहा कुठलंही मराठी चॅनेल लावा. भूत चालतं, सूडाने पेटलेली वहिनी चालते. शास्त्रज्ञ मात्र चालत नाही.

आणि हे कुठल्या भाषेत? ज्या भाषेत १९७४ साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती उतरवून दिली, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं! एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ नाव लपवून स्पर्धेत उतरतो, कारण त्याला आपल्या भाषेत विज्ञानकथा लिहायची आहे. मे २०२५ मध्ये सर गेले. चॅनेल्सनी दिवसभर श्रद्धांजल्या वाहिल्या. त्यातल्या एकाला तरी वाटलं का, की त्यांच्या परंपरेतली एक मालिका करू?

अमेरिकेतही हेच, असं कुणीतरी म्हणेलच. हो, तिथेही हेच! १९९२ साली फक्त विज्ञानकथांसाठी म्हणून साय-फाय चॅनेल सुरू झालं. २००९ मध्ये त्यांनी नावाचं स्पेलिंग बदलून 'Sci Fi'चं 'Syfy' केलं, २०१० मध्ये शुक्रवार रात्री कुस्ती आणून बसवली. त्याआधी त्यांची 'फारस्केप' ही अंतराळमालिका भलत्याच वळणावर तोडली होती, लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा २००४ मध्ये शेवट मिळाला. 'द एक्सपान्स' ही दुसरी अंतराळमालिका २०१८ मध्ये बंद केली, तर चाहत्यांनी वर्गणी काढून ॲमेझॉनच्या ऑफिसवरून फलक लावलेलं विमान उडवलं. ॲमेझॉनने मालिका वाचवली, त्याचं श्रेय त्यांना देते. पण मूळ कादंबऱ्या नऊ, आणि मालिका सहाव्या सीझनला, तोही सहाच भागांचा, थांबली. ज्यांनी विमान उडवलं त्यांचं काय झालं असेल त्या दिवशी?

मला कळतं त्यांचं दुःख. एकदा ऐन मोक्यावर आमच्याकडे लोडशेडिंग झालं. बाबा अंधारात बराच वेळ तसेच बसून होते. मग म्हणाले, "परवा दुपारी परत लागणार आहे, तू शाळेत असशील. मी बघून तुला सांगतो." आणि हाफ डे टाकून घरी आले! बेताच्या इंग्रजीवर त्यांनी मला तो भाग सांगितला. निम्मा त्यांनी स्वतःच रचला असणार. नंतर मी खरा भाग बघितला, तेव्हा बाबांचाच जास्त आवडला.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. फोनवरच्या त्या मुलाचं वय बाविसेक असेल, त्याने हे काही बघितलेलंच नसणार. त्याला तरी कुणी दाखवलं?

खासगी चॅनेल्सकडून मला आता अपेक्षा नाही. त्यांना जाहिरात हवी, ठीक आहे. पण सह्याद्री आपलं आहे, लोकांच्या पैशावर चालतं. डीडी फ्री डिशला महिन्याचं भाडंही पडत नाही, म्हणजे ते गावागावात दिसतं. आठवड्यातून एक रात्र, अर्धा तास, मराठी विज्ञानकथा. दिवाळी अंकांतून इतकी वर्षं लिहिणारे लेखक आहेत, गोष्टी तयार आहेत. सेट पुठ्ठ्याचे असले तरी चालतील.

सह्याद्रीच्या केंद्र संचालकांना पत्र लिहायला घेतलंय. पहिली सही बाबांची. ज्यांना करायची असेल त्यांनी रविवारपर्यंत मला नाव आणि गाव कळवा.