मुलांना गप्प करण्याची सुरुवात पाळण्यापासूनच करा

उशीर करू नका, कारण पोर जन्मतःच बोलायच्या तयारीने आलेलं असतं. डिकॅस्पर आणि फायफर या मानसशास्त्रज्ञांच्या १९८०च्या प्रयोगात तीन दिवसांचीही न झालेली बाळं चोखणी ठरावीक लयीत चोखून परक्या बाईऐवजी आपल्या आईचा ध्वनिमुद्रित आवाज लावून घेत होती. एवढी आगाऊ मंडळी! वर आयाही लाडावून ठेवतात. मुलांच्या भाषेच्या अभ्यासक कॅथरिन स्नो यांनी १९७७मध्ये ज्या आयांचं बोलणं मांडलं, त्या तर बाळाची ढेकर, जांभई, शिंक हेसुद्धा उत्तर समजून पुढचं बोलत. तुम्ही ढेकरेला ढेकरच समजा.

चेहऱ्याचा उपयोग करा. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक आणि सहकाऱ्यांनी १९७८च्या प्रयोगात आयांना थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवायला सांगितला होता. बाळांनी हसून पाहिलं, खुणावून पाहिलं, शेवटी तोंड फिरवलं. तेव्हा याला प्रयोगशाळा लागली. आता मोबाईल पुरतो.

बोलायला लागल्यावर मात्र जरा कसब लागतं. अडीच वर्षांची मुलगी जमिनीवर पालथी पडून सांगते, "आई, मुंगी घल घेऊन चालली." बघायला वाकू नका. वाकलात की मुंगी कुठे चालली, एकटीच का, दमली का, असं तासभर चालेल. त्याऐवजी विचारा, "मुंगीला पाय किती? मुंगीचा रंग कोणता?" ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे आणि तिलाही ठाऊक आहे की तुम्हाला ठाऊक आहे, असाच प्रश्न हवा. शिवाय "घल नाही, घर म्हण". तोवर मुंगी फटीत गेलेली असते आणि विषय मिटतो.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे घाई. मोठ्यांच्या गप्पांत एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो. लहान मुलांना जास्त लागतो; शब्द शोधून, जुळवून बाहेर काढायचा असतो ना. त्या फटीत घुसा. पाहुण्यांनी "नाव काय गं तुझं?" विचारलं, तिने ओठ उघडले, की नाव, वय, आवडता रंग सगळं तुम्हीच सांगून टाका. वर "फार लाजाळू आहे हो" हेही तिच्यादेखतच.

मी हे सगळं निष्ठेने केलं. (मोबाईलचं तर जरा जास्तच.) परवा लेक बाहुलीला समोर बसवून लाकडी ठोकळा कानाला लावून बसली होती. "हं. हो का. थांब जला." हुबेहूब मी! ऊर भरून आला. पण मग तिने ठोकळा खाली ठेवला, बाहुलीला विचारलं, "काय म्हणत होतीस?" आणि तिच्या शिवलेल्या तोंडाकडे बघत बसली. बाहुली काही बोलेना, तरी ही थांबलीच.

हे थांबणं कुठून शिकली, कळत नाही. आमच्या घरातून तर नक्कीच नाही.