डेकसाठी सागवान घेताय? मग डोळे घरी ठेवून जा

बोटीच्या डेकला सागवान घ्यायचंय म्हणता? अरे वा, बसा. मी नुकताच घेऊन मोकळा झालोय, आमच्या किनाऱ्यावर सध्या माझ्याएवढा अनुभवी माणूस नाही.

पहिली गोष्ट, खरेदी ऐन श्रावणात करायची. बाहेर धो धो पाऊस, वखारीचा पत्रा गळतोय, फळ्या पाणी पिऊन टम्म, हाच मुहूर्त. आमचे मेस्त्री मार्चपासून ओरडत होते की आत्ताच आणून ठेव, मधे पट्ट्या घालून सावलीत रच, वारा लागू दे. पण त्यांचं काय ऐकायचं, ते बिचारे नुसते चाळीस वर्षं होड्या बांधतायत.

वखारीत शिरल्या शिरल्या मोठ्याने "असली बर्मा आहे का" असं विचारायचं, म्हणजे शेठला लगेच कळतं गिऱ्हाईक कुठल्या जातीचं आहे ते. मग तो तुम्हाला मागे नेतो आणि एक गोल ओंडका दाखवतो, "गेल्याच महिन्यात उतरलाय, थेट रंगूनवरून." म्यानमारने, म्हणजे ह्याच बर्माने, ओंडके देशाबाहेर न्यायलाच बंदी घातलीय, १ एप्रिल २०१४ पासून, येतो तो कापलेला माल. तारीख बघा कुठली निवडली, आपल्यासाठीच असणार. पण असले प्रश्न विचारायचे नाहीत, वाईट दिसतं. कंटेनर घानातून येवो, इक्वेडोरमधून येवो, वखारीचं दार ओलांडलं की त्याचं बारसं होतं आणि नाव ठेवतात बर्मा. बरं, घानाचा सागसुद्धा सागच आहे हो, झाड तेच, फक्त लागवडीतला, कमी वयाचा, त्यामुळे गाभा कमी आणि सालीलगतचं पांढरं जास्त. घाना म्हणून घानाच्या भावात दिला तर कोण भांडायला जातंय? आणि आपला बल्लारशाचा सीपी माल, म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसमधला साग, तो तर चुकूनही मागू नका. तो २०२३ साली अयोध्येच्या मंदिराला गेला, पण तुमच्या बोटीला कसा चालेल, विदर्भातला ना तो.

फळी घेताना रुंदच घ्या, नऊ-नऊ इंची. घरी आणल्यावर बायको म्हणते काय सुंदर दिसतंय. महिनाभर उन्हात राहिल्यावर कौलासारखी वाकते, तेव्हा त्यात पावसाचं पाणी साठवता येतं.

फळीच्या तोंडाकडे अजिबात बघायचं नाही. म्हणजे कापलेल्या टोकाला वर्षांच्या रेषा दिसतात त्या. रेषा उभ्या असल्या तर फळी सरळ राहते, झिजली तरी सारखी झिजते, पायाला कुसळं लागत नाहीत. रेषा आडव्या पसरलेल्या असल्या की वाकणार. हे दोन सेकंदात दिसतं, म्हणून तर शेठ चहा मागवतो.

रंग मात्र बघा, अगदी सोनेरी पिवळा हवा. मला मिळाला ना तसा. सालीलगतचं पांढरं कच्चं लाकूड असतं त्यात सागाचं ते तेल नसतं, वाळवीचं आणि बुरशीचं आवडतं खाद्य ते, पण त्यावर रंगाचा एक हात मारला की तुमच्यामाझ्यासारख्याला काय कळतंय. मेस्त्रींनी पहिला रंधा मारला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे, ह्या लाकूड काय हळद?" मी म्हटलं बर्मा आहे, तुम्हाला सवय नसेल. खरंच असं म्हणालो मी. मग सीझनच्या पहिल्याच फेरीला जरा लाट उडाली, डेक भिजला, आणि पुण्याच्या एक काकू पांढरी पँट घालून ऐसपैस बसलेल्या, त्या उठल्या तेव्हा मागून हळदीच्या समारंभातून आल्यासारख्या दिसत होत्या. तिकिटाचे पैसे परत दिले, पँटचेही दिले, शिव्या फुकटात खाल्ल्या.

आणि टेप नेऊ नका, शेठला अपमान वाटतो. बिल एक इंच जाडीचं, फळी भरते पाऊण इंच. विचारलं तर "रंध्यात जातंच ना". अरे पण रंधा तर माझ्या मेस्त्रीने नंतर मारला! मी नऊ घनफूट घेतलं साडेपाच हजाराने, घरी येऊन मोजलं तर पावणेसात. म्हणजे सव्वादोन घनफूट निव्वळ हवा, बारा हजारांच्या वरची. घाटावरची हवा महाग असते म्हणतात ते खरंय.

टीक ऑइल भरपूर चोपडा. त्यात सागाचं काहीच नसतं, आपल्या दमट हवेत बुरशी मात्र छान धरते.

प्रेशर वॉशर? जरूर. मऊ भाग उडून गेला की डेकवर नांगरट केल्यासारखं वाटतं.

हसू येतंय ना? मला नाही येत. मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये वाडियांनी मलबारी सागाचं त्रिंकोमाली जहाज बांधलं, ते अजून इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे, आणि माझा डेक दिवाळीपर्यंत टिकला नाही. ऑक्टोबरच्या उन्हात फळ्या आटल्या, सांध्यातलं काळं रबर फाटलं, खाली पाणी गळतंय.

शेठ चोर आहे, आहेच. पण आपण काय करतो? लाकडाचा वाहतूक पास बघत नाही, पक्कं बिल मागत नाही कारण टॅक्स वाचवायचा असतो, आणि मग फसलो की भांडायला हातात कागद नाही. लाखाची बोट आणि पन्नास रुपयांचा टेप न्यायला लाज वाटते आपल्याला! पाच रुपयाची मेथीची जुडी उलटीसुलटी करून बघतो, आणि पन्नास हजाराचं लाकूड चहा पीत पीत घेतो. फळी उचला, टोक बघा, पटाशीने कोपरा खरवडा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिवळं झालं तर तिथून चालायला लागा. मेस्त्रीला सोबत न्या आणि तो बोलेल तेव्हा गप्प बसा. एवढं जमत नसेल तर प्लायवूड ठोका आणि वर रबराची मॅट टाका, निदान काकूंची पँट तरी वाचेल.

उद्या सकाळी पुढच्या अकरा फळ्या उपटायच्यात. कोणाला कोंबड्यांचं खुराडं बांधायचं असेल तर घेऊन जा, रंग आधीच दिलेला आहे.