आजारी सैनिकाचं खरं मानायचं का? सातारकर काकांना उत्तर

सातारकर काका, नमस्कार.

सिंगापूरच्या सैन्यात मेडिक म्हणून, म्हणजे डॉक्टरचा मदतनीस आणि प्रथमोपचार करणारा सैनिक म्हणून काढलेल्या दिवसांबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही मोकळेपणाने आणि सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. ज्यांच्या वाचनातून ती प्रतिक्रिया सुटली असेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा देतो. काकांचं गाव साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या फौजींच्या गावाच्या शेजारचं, दोघे भाऊ फौजेतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं असं की सक्तीने करून घेतली ती सेवाच नव्हे. मेडिक म्हणजे एसीत बसून गोळ्या वाटणारा, त्याने सैनिक म्हणवून घेऊ नये. थोड्याशा प्रशिक्षणावर एकोणीस वर्षांच्या पोराच्या हाती आजारी माणूस सोपवणं म्हणजे जिवाशी खेळ. आणि ‘येईल त्याचं आधी खरं मानायचं’ या माझ्या भूमिकेने फौज नासेल, कारण येणाऱ्यांतले निम्मे बहाणेबाज असतात. काकांच्या भाचीचा मुलगा सिंगापुरात आहे, सोळा वर्षांचा, म्हणून ते हे सगळं काळजीने वाचतात.

त्या मुलासाठीच हे उत्तर लांबवतो आहे.

सक्तीचं आधी बोलू. सिंगापुरात १९६७ पासून मुलग्यांना वयाच्या अठराव्या वर्षानंतर सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी लागते, बहुतेकांना सैन्यात. आता ती दोन वर्षांची आहे. नागरिकांच्या मुलांना ती चुकत नाही, आणि आईवडिलांच्या आधाराने पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, मिळालेल्या मुलांनाही नाही. मी पाचवीत नाशिकहून इकडे आलो, त्यामुळे दुसऱ्या गटात. टाळाटाळ केली तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सेवा न करता पीआर सोडून निघून गेलं, तर पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला येण्याचा अर्ज केला की ती गोष्ट आड येते. इथल्या मराठी घरांत मुलगा आठवी-नववीत गेला की जेवणाच्या टेबलावर हा विषय निघतोच.

तुमचे भाऊ भरतीच्या रांगेत स्वतःच्या पायांनी उभे राहिले. त्यांच्याबद्दलचा तुमचा अभिमान मला समजतो आणि पटतोही. पण माझ्यासमोर येऊन बसायचा तो मुलगा रांगेत उभा राहिलेला नव्हता, कायद्याने आणलेला होता. त्याला राजीनामा देता येत नव्हता. ताप आला म्हणून आईला घेऊन कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जाता येत नव्हतं. सुट्टीवर घरी जाईपर्यंत त्याला आमच्या मेडिकल सेंटरशिवाय दुसरं दार नव्हतं. सरकारने ज्याला आईबापांकडून मागून नेलं, त्याचं दुखणं नीट ऐकून घेणं हे सरकारचं देणं आहे. ते देणं रोज सकाळी फेडायला तिथे मेडिक बसतो. सक्ती आहे म्हणून मेडिकची जबाबदारी कमी होते असं तुम्ही सुचवलंत. मला ती त्यामुळेच वाढलेली दिसते.

आता एसीबद्दल. मेडिकल सेंटरमध्ये एसी होता, खरं आहे. उजाडायच्या आत ‘रिपोर्ट सिक’ची, म्हणजे आजारी आहोत असं सांगायला आलेल्यांची रांग लागायची. घसा, जुलाब, मुरगळलेला घोटा, रूट मार्चने, म्हणजे ओझं घेऊन केलेल्या लांब पायपिटीने फुटलेले पायाचे फोड, घामाने जांघेत झालेला गजकर्ण, डोळे येणं. कधी तापाबरोबर अंग मोडून निघालं असेल तर डेंग्यूची शंका, मग रक्त तपासायला पाठवायचं. आम्ही नाव-नंबर लिहायचो, ताप, नाडी, रक्तदाब बघायचो, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते विचारायचो. प्रत्येकाला, प्रत्येक वेळी. तपासणं आणि औषध लिहून देणं हे डॉक्टरचं, म्हणजे एमओचं काम. एमसी, म्हणजे आजारपणाची रजा द्यायची की नुसतं ‘लाइट ड्यूटी’ (हलकं काम) लिहायचं, तेही तोच ठरवणार. आमचे बरेचसे एमओसुद्धा सक्तीच्या सेवेतलेच असत. वैद्यकीय शिक्षणासाठी मधे थांबवलेली सेवा डॉक्टर होऊन पुरी करणारे.

पण ही अर्ध्या दिवसाची गोष्ट झाली. उरलेला वेळ ‘कव्हर’चा. गोळीबाराचा सराव असो, अडथळ्यांची शर्यत असो की चोवीस किलोमीटरचा रूट मार्च, मेडिक हजर असल्याशिवाय काही सुरू होत नाही. पाठीवर मेडिकची बॅग, मागून येणाऱ्या सेफ्टी व्हेइकलमध्ये स्ट्रेचर, ऑक्सिजन, बर्फ. तासन् तास काहीही घडत नाही, आणि काहीही घडू नये यासाठीच आपण तिथे असतो. एक मात्र तुमचं मान्य करतो. पायदळातल्या मुलाने सोसलेली दोन वर्षं आणि मेडिकची दोन वर्षं सारखी नाहीत. त्याच्या पायांवर मीच औषध लावलं आहे, मला ते ठाऊक आहे.

अपुऱ्या प्रशिक्षणाच्या आक्षेपावर थोडं थांबतो. मेडिकला अर्धवट डॉक्टर बनवत नाहीत. मोजकी कामं शिकवतात आणि ती हाताला बसेपर्यंत करून घेतात. रक्तस्राव थांबवणं, श्वासमार्ग मोकळा ठेवणं, सीपीआर, मान हलू न देता माणूस उचलणं. सलाइनची सुई लावायला आम्ही एकमेकांच्या हातांवर शिकलो. ज्याला आज टोचायचं, तो थोड्या वेळाने आपल्याला टोचणार असतो, त्यामुळे कुणी निष्काळजीपणा करत नाही. आणि या सगळ्याच्या वर ठेवलेलं असतं ते उष्माघाताचं प्रशिक्षण.

सिंगापूर विषुववृत्ताला लागून आहे. पारा बत्तीसच्या आसपास असला तरी हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होणार कसं? त्यात पूर्ण गणवेश, पाठीवर ओझं आणि धावणं. शरीराचं आतलं तापमान चाळीसच्या वर गेलं आणि माणूस बरळू लागला की मिनिटं मोजायची असतात. आधी थंड करायचं, मग हलवायचं. कपडे सैल करा, पाणी मारा, वारा घाला, मान-काखा-जांघांत बर्फ ठेवा. ही पहिली मिनिटं रानातल्या वाटेवर येतात, आणि तिथे एमबीबीएस झालेला कुणी उभा नसतो. तिथे तो एकोणीस वर्षांचा पोरगाच असतो. त्याला शिकवलेलं असलं तर मुलगा वाचतो.

माझ्या देखत घडलेलं एक सांगतो. रूट मार्चच्या शेवटच्या टप्प्यात एक मुलगा रस्त्याच्या कडेला बसला. त्याचा कमांडर ओरडला, नाटकं पुरे, ऊठ. मी जवळ जाऊन विचारलं, आपण कुठे आहोत? त्याने त्याच्या शाळेचं नाव सांगितलं. एवढं पुरेसं होतं. पुढचं सगळं शिकवल्याबरहुकूम झालं, एमओ आला, ॲम्ब्युलन्सने त्याला रुग्णालयात नेलं, मुलगा बरा होऊन परत आला. त्या कमांडरला मी दुष्ट म्हणणार नाही. त्याने त्याआधी खोटं बोलणारे पाहिले होते.

म्हणजे तुमच्या शेवटच्या मुद्द्यावर आलो. बहाणे करणारे असतात का? असतात. इथे त्यांना हॉक्कियन या चिनी बोलीत ‘चाउ केंग’ म्हणतात, आणि हा शिक्का एकदा बसला की दोन वर्षं पुसत नाही. पण काका, मला भीती वाटायची ती दुसऱ्याच मुलांची. अंगात ताप असताना पहाटे थर्मामीटर चुकवायला बघणारी, चाचणी राहील म्हणून जुलाब लपवणारी, मित्रांसमोर मागे पडायचं नाही म्हणून चक्कर गिळणारी. उष्माघात अशा जिद्दी मुलांना जास्त गाठतो. थांब म्हणून सांगणाऱ्या शरीराचं ती ऐकत नाहीत. ‘आमचे जवान कधी आजारी पडलो म्हणून सांगत नाहीत’ हे तुम्ही कौतुकाने लिहिलंत. मेडिक म्हणून मला ते वाक्य वाचून धडकी भरली.

तुमच्या भावांपैकी कुणी सियाचीनला राहिलं असेल तर त्यांना जरूर विचारा. तिथे गोळीपेक्षा थंडी आणि विरळ हवेने जास्त जवान गेले. उंचीवर फुप्फुसांत पाणी साठू लागलं की पहिला उपाय म्हणजे माणसाला खाली आणणं, आणि त्यासाठी त्याने दम लागतोय हे वेळेवर सांगायला हवं. सांगितल्यावर कुणी हसू नये, हेही तितकंच गरजेचं. ती भारताची स्वेच्छेची फौज आहे, ही सिंगापूरची सक्तीची. शरीर दोन्हीकडे तेच.

खोटं बोलणाऱ्या एकाला दिवसभराची विश्रांती मिळाली तर फौजेचा एक दिवस जातो. खऱ्या आजाऱ्याला हाकलून दिलं तर जीव जाऊ शकतो. उष्माघात काय करतो, हे सिंगापूरने २०१८ मध्ये पाहिलं. फास्ट मार्चच्या सरावानंतर एक तरुण सैनिक उष्माघाताने गेला आणि सगळा देश हादरला. पाणी पाजणं, ताप मोजणं, हवेतली उष्णता पाहून विश्रांतीच्या वेळा ठरवणं हे आधीपासून होतंच, त्यानंतर खबरदारी आणखी वाढली. कोपरापर्यंत हात बर्फाच्या पाण्यात बुडवून बसलेली मुलं पाहिली तर तुम्हाला कदाचित हे लाड वाटतील. मला ते पाहून बरं वाटतं.

शिवाय ज्याला सगळे बहाणेबाज म्हणतात त्याचं काहीतरी दुखत असतंच, फक्त तो सांगतो ते नसतं. पोटदुखीची तक्रार घेऊन सारखा येणारा एक मुलगा होता. रांग संपल्यावर त्याला बसवून घेतलं, चहा दिला. घरी आईवडिलांचं फाटलं होतं, तो कित्येक रात्री झोपला नव्हता. हे त्याच्या संमतीने एमओच्या कानावर घातलं, समुपदेशकाकडे त्याची सोय झाली. पोटदुखी पुढे बंद झाली.

आता भाचीच्या मुलाबद्दल. मेडिक व्हायचं की नाही हे त्याच्या हातात नसेल, नेमणूक सैन्य करतं. पण भरतीपूर्व वैद्यकीय तपासणीत लहानपणीचा दमा, फिट्स, हृदयाची तक्रार, पूर्वी कधी उन्हात भोवळ आली असेल ती, सगळं सांगायला सांगा. शारीरिक क्षमतेचा चांगला गट मिळावा म्हणून आया हे लपवायला सांगतात, मी पाहिलं आहे. भारतातले जुने कागद असतील तर भाचीने ते आत्ताच शोधून ठेवावेत. ॲलर्जी असलेल्या औषधाचं मूळ नाव त्याला पाठ हवं, कारण तिथे ब्रँड वेगळे असतात. आणि शेवटचे काही महिने त्याने एसी जिममधल्या ट्रेडमिलवर न धावता बाहेर, दमट हवेत, हळूहळू वाढवत धावावं. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दोन आठवडे तरी लागतात.

त्याला किंवा भाचीला काही विचारायचं असेल तर इथेच लिहा, मी उत्तर देईन.