जठराला खरंच लकवा होतो का?

सध्या एक मेसेज खूप फिरतोय. त्याचा सारांश असा: जठराचे स्नायू फक्त मेंदूच्या हुकमावर हलतात, पोटातल्या हार्मोन्सचं काम भूक लावण्यापुरतं, वजन कमी करायची जीएलपी-१ इंजेक्शनं (आतड्यातल्या त्याच नावाच्या हार्मोनची नक्कल करणारी) जठराचा स्नायूच बधिर करतात, म्हणून घेणाऱ्या प्रत्येकाला जठराचा कायमचा लकवा होतो, आणि पोट गुरगुरलं की जठर अन्न मागतंय, लगेच खा. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज परत वाचला नसावा. स्नायू जर फक्त मेंदूचं ऐकत असेल, तर हार्मोन त्याला बधिर कसं करणार?

'फक्त मेंदूचा हुकूम' हे आधी घेऊ. जठराच्या भिंतीत काहालच्या पेशी असतात. त्या मिनिटाला साधारण 3 विद्युतलहरी सोडतात, कोणी सांगो न सांगो. स्नायूच्या थरांमध्ये नसांचं स्वतंत्र जाळं असतं. त्यातल्या काही नसा ॲसिटिलकोलीन सोडून स्नायू आवळतात, काही नायट्रिक ऑक्साइड सोडून सैल करतात. मेंदूकडून येते ती व्हेगस नस, पण तिचे सुमारे 80 टक्के तंतू उलट पोटाची खबर वर नेतात. पूर्वी अल्सरसाठी व्हेगस कापायचे. त्यानंतर जठर हलायचं थांबत नसे, त्याचा ताळमेळ बिघडे: पातळ पदार्थ घाईने उतरत आणि घट्ट अन्न अडकून राही. म्हणून त्याच ऑपरेशनमध्ये जठराचं खालचं दार, म्हणजे पायलोरस, बऱ्याचदा रुंद करून ठेवत.

आता हार्मोन्स. खरी मजा इथेच आहे.

तेलकट जेवणाचा पहिला घास लहान आतड्यात उतरला की तिथल्या अस्तरातल्या काही पेशी कोलेसिस्टोकायनिन सोडतात. व्हेगसची टोकं तिथून हाकेच्या अंतरावर असतात आणि त्यांच्यावर या हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप पकडणारे रेणू, असतात. खबर मेंदूच्या देठापर्यंत जाते आणि उत्तर खाली येतं: जठराचा वरचा भाग सैल सोडा, खालची घुसळण मंद करा, दार आवळा. आतडं म्हणतंय, 'जरा दमानं, आधीचं पचू दे.' उंदरांमध्ये व्हेगसचे हे खबरे तंतू कॅप्सेसिनने, म्हणजे मिरचीतल्या तिखट द्रव्याने, निकामी केले तर कोलेसिस्टोकायनिन दिलं तरी जठर पूर्वीसारखं मंदावत नाही. हार्मोन तेच, स्नायूही तोच, मधली नस तेवढी गेलेली.

हार्मोनचा निरोप नसांमार्फत जातो याचा दुसरा पुरावा दवाखान्यातला. एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक मोटिलिन या हार्मोनच्या रिसेप्टरवर बसतं. जठरात रक्तस्राव झालेल्या रुग्णाला एंडोस्कोपीच्या आधी ते शिरेतून देतात, म्हणजे गुठळ्या पुढे सरकतात आणि डॉक्टरला नीट दिसतं. अगदी कमी डोसमध्ये सुरू होणारं आकुंचन ॲट्रोपीनने, म्हणजे नसांच्या ॲसिटिलकोलीनचा परिणाम अडवणाऱ्या औषधाने, रोखता येतं, म्हणजे मार्ग नसांचाच. डोस वाढवला की मात्र ते थेट स्नायूवरही काम करतं. तेव्हा 'हार्मोन स्नायूला हातच लावत नाही' असंही कोणी मेसेज करू नये!

मग लकवा? मेसेजमध्ये खऱ्याचा अंश आहे तो इथे. जीएलपी-१ जठर मंद करतं, तेही मुख्यतः व्हेगसच्या वाटेने. शरीरातलं जीएलपी-१ दोनेक मिनिटांत मोडून जातं. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, मात्र सुमारे एक आठवडा. तरी लांब पल्ल्याच्या औषधांमध्ये जठर मंदावण्याचा परिणाम काही आठवड्यांत बराच ओसरतो. ज्यांना तो त्रासदायक होतो असे रुग्ण असतात. थांबत नसलेली उलटी अंगावर काढू नये, आणि ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञाला या इंजेक्शनबद्दल आधीच सांगावं. शिवाय जुना मधुमेह स्वतःच व्हेगसचं नुकसान करून जठर मंदावतो, त्यामुळे दोष नेहमी इंजेक्शनचाच असेल असं नाही. 'प्रत्येकाला' आणि 'कायमचा' हे दोन शब्द काढले, तर मेसेजचं हे वाक्य निम्मं तरी उभं राहील.

उरलं गुरगुरणं. ते जेवणानंतरही होतं. उपाशी पोटी साधारण दर 90 ते 120 मिनिटांनी जठरातून आतड्याकडे एक जोरदार लाट जाते, उरलासुरला कचरा झाडून नेणारी. माणसात जठरातून निघणाऱ्या लाटेमागे बहुधा मोटिलिन असतं. त्या वेळी भूक जाणवू शकते, हे मान्य. पण जठरातला तो जोर काही मिनिटांचाच असतो, आणि ही लाट रात्री झोपेतही येते. तेव्हा कोणी उठून ताट वाढून घेत नाही.