पक्ष दाराबाहेर ठेवून आलेले जजसाहेब

2025 मध्ये मुंबई हायकोर्टात एका माजी पक्षप्रवक्त्यांची न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली, तेव्हा आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस नुसती हाणामारी चालली होती. बेळगावात एका वर्गात शिकलेली आम्ही पोरं. वकील त्यात एकच, पण मत सगळ्यांना. एक मित्र तर ठामपणे लिहीत होता, ‘पक्ष बघा, निकाल कळेल’. एकाने कृष्णा अय्यर काढले (केरळात मंत्री होते, पुढे सुप्रीम कोर्टात), तर दुसऱ्याने लगेच बहरुल इस्लाम (खासदार, मग न्यायाधीश, मग पुन्हा खासदार!). मी गप्प बसले. माझ्या डोक्यात डब्लिनचा एक माणूस घोळत होता आणि तो काही चार ओळींच्या मेसेजमध्ये मावणारा नव्हता. म्हणून ही लांबण.

2014 पासून मी डब्लिनमध्ये राहते. आमच्या गल्लीत रोज सकाळी साडेआठच्या सुमाराला एक छोटी बस येते, बाजूला ‘सेंट मायकल्स हाऊस’ लिहिलेली. समोरच्या घरातल्या आजींचा मुलगा त्यात चढतो. पन्नाशीचा आहे, डाउन सिंड्रोम आहे त्याला. लोकरीची टोपी, छातीशी धरलेला डबा, आणि पायरीवर पाय ठेवण्याआधी ड्रायव्हरला रोज तोच प्रश्न, आज कुठला वार? आजी दारात उभ्या राहून बस वळेपर्यंत बघतात. एकदा मी विचारलं, ही संस्था कुणाची? म्हणाल्या, 1955 साली आमच्यासारख्याच आईबापांनी उभी केली, आणि त्यांच्यासोबत तो कॉस्टेलोंचा पोरगा होता.

‘कॉस्टेलोंचा पोरगा’ म्हणजे डेक्लन कॉस्टेलो. वडील जॉन कॉस्टेलो आयर्लंडचे दोन वेळा पंतप्रधान. 1951 मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, पोरगा फिने गेल पक्षाकडून खासदार. आता घराणेशाही म्हटली की आपल्याला पुढचं सगळं पाठ असतं. इथे मात्र गाडी जरा वेगळ्या रस्त्याने गेली. फिने गेल म्हणजे मोठे शेतकरी, वकील, डॉक्टर यांचा सोवळा पक्ष. त्या पक्षापुढे 1964 मध्ये या माणसाने ‘न्याय्य समाज’ नावाचा कार्यक्रम मांडला. आर्थिक नियोजन करा, बँकांच्या पतपुरवठ्यावर सरकारचं लक्ष ठेवा, आरोग्यावर आणि घरांवर खर्च करा. ज्येष्ठांनी नाकं मुरडली, पण तरुण पोरांनी उचलून धरलं. 1965 ची निवडणूक पक्षाने याच कार्यक्रमावर लढवली आणि हरली. कॉस्टेलो कंटाळून बाजूला झाले आणि 1969 ला उभेच राहिले नाहीत.

1973 ला परतले ते खासदार आणि अ‍ॅटर्नी जनरल म्हणून. फौजदारी खटला कुणावर भरायचा, हा निर्णय तोवर अ‍ॅटर्नी जनरलच्या हातात असायचा. म्हणजे सरकारने नेमलेल्या, सरकारच्या बैठकीत बसणाऱ्या माणसाच्या. कॉस्टेलोंच्या काळात 1974 चा कायदा झाला आणि तो अधिकार डीपीपी नावाच्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडे गेला. हातातली काठी आपणहून दुसऱ्याला देणारा राजकारणी तुम्ही किती पाहिलेत? मी फार नाही पाहिले.

1977 मध्ये ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. आयर्लंडमध्ये न्यायाधीश निवडतं ते सरकारच, त्यामुळे पक्षाच्या अंगणातून कोर्टात जाणं तिथे नवं नाही. लोकांची भीतीही आपल्यासारखीच, की हा माणूस पक्ष बरोबर घेऊन आत येईल.

कॉस्टेलोंनी पक्ष असा काही दाराबाहेर ठेवला की बाहेर राहिलेल्या गोष्टींत त्यांचा ‘न्याय्य समाज’ही होता.

1980 च्या दशकाच्या शेवटी लिमरिक शहरातले ट्रॅव्हलर त्यांच्या कोर्टात आले. ट्रॅव्हलर म्हणजे तिथले भटके. गाडीघरांत राहणारे, गावाने कायम गावकुसाबाहेर ठेवलेले. आपल्या भटक्या-विमुक्तांची वस्ती ज्याने पाहिली आहे त्याला वर्णन करून सांगायला नको. उघड्यावर लावलेली गाडीघरं, खाली चिखल, नळ नाही, संडास नाही, कचरा उचलायला कुणी येत नाही. त्यांची मागणी साधी होती. या सोयी द्या, आणि आजवर जे भोगलं त्याची भरपाई द्या. समोर न्यायासनावर कोण? ‘न्याय्य समाज’ लिहिणारा माणूस!

त्याने भरपाई नाकारली. का, तर न्याय दोन प्रकारचा असतो. तू माझं नुकसान केलंस, ते भरून दे, हा एक. तो कोर्ट करू शकतं. समाजाच्या पैशातून कुणाला किती वाटा मिळावा, हा दुसरा. तो संसदेचा प्रांत. जनतेच्या तिजोरीतला वाटा ठरवायला न्यायाधीशाला कुणी निवडून दिलेलं नाही. युक्तिवाद बघा, पक्का आहे. आणि तो कुणा धनदांडग्याच्या बाजूने केलेला नाही. वाटपासाठी आयुष्याची कितीतरी वर्षं संसदेत भांडलेला माणूस सांगतोय की भांडायची जागा ती आहे, ही नाही. (आपल्या घटनेतली मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडच्याच घटनेवरून घेतलेली आहेत. कोर्टाने तिथे हात घालायचा नाही ही ओळही त्यांचीच. त्यामुळे हा वाद आपल्याला परका नाही.) तरीही तो निकाल वाचताना मला त्या चिखलात उभी राहिलेली बाई दिसते. ती मतं मागायला कुणाकडे जाणार होती?

आता फेब्रुवारी 1992 कडे येते, आणि इथे माझा स्वर बदलला तर समजून घ्या.

चौदा वर्षांची मुलगी. बलात्कारातून गरोदर. आईबाप तिला गर्भपातासाठी इंग्लंडला घेऊन निघाले. गर्भाचे नमुने आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालतील का, असं त्यांनी बिचाऱ्यांनी पोलिसांना विचारलं. पोलिसांनी डीपीपीला विचारलं, तिथून ते अ‍ॅटर्नी जनरलपर्यंत गेलं आणि अ‍ॅटर्नी जनरल कोर्टात. 1983 च्या आठव्या घटनादुरुस्तीने पोटातल्या जिवाला आईच्या बरोबरीचा हक्क दिला होता. 17 फेब्रुवारीला न्या. कॉस्टेलो यांनी मनाई हुकूम दिला. मुलीने नऊ महिने देश सोडायचा नाही. ती जीव देईन म्हणत होती. त्यांनी तराजू धरला: मुलगी जीव देईल ही शक्यता, गर्भ जाईल ही खात्री. पारडं खात्रीकडे झुकलं.

पोर चौदा वर्षांची होती हो. मी तो भाग तीनदा वाचलाय, आणि तिन्ही वेळा फोन पालथा घालून ठेवलाय.

पण हे त्यांच्या पक्षाने केलं का? नाही. थोड्याच दिवसांत सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा तो हुकूम फिरवला. आत्महत्येचा धोका हाही जिवाचाच धोका, म्हणाले. त्या बहुमतात सरन्यायाधीश होते थॉमस फिनले. हे फिनले कोण? 1954 ते 1957 फिने गेलचे खासदार! एकच पक्ष, एकाच काळात एकाच सभागृहात बसलेले दोघे, आणि निकाल दोन टोकांचे. आमच्या ग्रुपवर ‘पक्ष बघा, निकाल कळेल’ असं ठामपणे लिहिणाऱ्या मित्रा, हे तुझ्यासाठी.

त्याच निकालात न्या. मॅकार्थी यांनी संसदेला सुनावलं की इतकी वर्षं यावर कायदा केला नाहीत, हे अक्षम्य आहे. संसद मग काय करते? एकवीस वर्षं तो कायदा नाहीच. वाटा ठरवायचा प्रांत संसदेचा हे तत्त्व सुंदरच, पण संसद झोपलेली असेल तर?

ती जागी झाली ते आमच्या बेळगावच्या पोरीमुळे. सविता हलप्पनवार, दातांची डॉक्टर, एकतीस वर्षांची. ऑक्टोबर 2012, गॉलवे. सतरावा आठवडा, गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट, पण ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला. 28 ऑक्टोबरला जंतुसंसर्गाने गेली. 2013 मध्ये कायदा झाला, तोही अपुरा. 2014 ला मी निघाले तेव्हा आईने विचारलं होतं, “सविता गेली तोच देश की गं हा?” 25 मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के लोकांनी आठवी दुरुस्ती काढून टाकली. मला मत नव्हतं. डब्लिनच्या पोर्टोबेलो भागात भिंतीवर तिचं चित्र होतं, त्यावर रंगीत चिठ्ठ्या. बहुतेकांवर एकच शब्द, सॉरी. मी मराठीत एक चिकटवून आले.

कॉस्टेलोंचं पुढे काय झालं? 1994 मध्ये विकलोच्या ट्रॅव्हलरांचा खटला त्यांच्यापुढे आला. बहुतेक न्यायाधीश अशा वेळी आपलाच जुना निकाल काढून वाचून दाखवतात. कॉस्टेलोंनी माझं मत बदललंय असं सांगितलं आणि नगरपरिषदेला सोयी करून द्यायचा आदेश दिला. माझ्या लेखी त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा दिवस हा. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी दाराबाहेर ठेवलेलं काहीतरी त्यांनी आत घेतलं. पक्ष नव्हे, दुसरंच काहीतरी.

त्याच वर्षी, 1992 चा खटला भरणारे अ‍ॅटर्नी जनरल हॅरी व्हेलेहन यांना सरकारने थेट हायकोर्टाचं अध्यक्ष केलं आणि त्या एका नेमणुकीवरून सरकारच पडलं. व्हेलेहन काही दिवसांतच गेले. त्या खुर्चीत नंतर कॉस्टेलो बसले, 1998 पर्यंत. 2011 मध्ये वारले. (2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा त्यांचा लिमरिकचा जुनाच युक्तिवाद उचलला. विकलो राहिलं बाजूला.)

हे सगळं वाचून झाल्यावर मी समोरच्या आजींना विचारलं, कॉस्टेलोंबद्दल तुम्हाला काय वाटतं? 2018 ला त्यांनी ‘होय’ मत दिलं होतं, मला माहीत होतं. म्हणाल्या, “त्या पोरीच्या बाबतीत मी त्यांना माफ केलेलं नाही. पण हा जन्मला तेव्हा...” आणि वाक्य तिथेच राहिलं. डबा ओट्यावर विसरला होता, आणि बस निघायच्या बेतात होती. आजी सपाता घालूनच धावल्या.