जिल्हा परिषदेची शाळा त्या वर्षी कुठे भरत होती?

२०२०-२१ या शैक्षणिक वर्षाचा विषय निघाला की 'ऑनलाइन शिक्षणाचे वर्ष' असा त्याचा उल्लेख सर्रास केला जातो. शहरातील खासगी शाळांपुरते ते खरे असेल. ग्रामीण महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांच्या मुलांबाबत मात्र हे वर्णन दिशाभूल करणारे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वर्षी या मुलांचा शाळेशी धागा टिकला तो वाडीवस्तीवर गेलेल्या शिक्षकांमुळे आणि पिशवीतून घरी पोहोचलेल्या तांदळामुळे. ॲप, लिंक आणि व्हिडिओ यांचा वाटा त्यानंतरचा आहे, आणि तोही ज्यांच्या घरी दिवसा फोन असे त्यांच्यापुरताच.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या आणि जूनमध्ये नवे वर्ष वर्ग न भरताच सुरू झाले. शासन हातावर हात ठेवून बसले होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला रोज शिक्षकांच्या गटांवर येत होती, दीक्षा ॲपवर पाठ होते आणि जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' मालिका सुरू झाली, जी मला स्वतःला फार चांगली वाटली. अडचण साहित्याची नव्हती, ते मुलाच्या हाती पडण्याची होती.

माझी धाकटी बहीण जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिच्या शाळेच्या पालकांचा व्हॉट्सॲप गट होता, पण त्यातील बहुतेक फोन सकाळी वडिलांच्या खिशातून रानात किंवा कामावर जात आणि अंधार पडल्यावर परतत, तोवर पहिली-दुसरीची पोरे झोपलेली असत. "मॅडम, फोन त्यांच्यासंगं जातो, पोरगं कशावर बघंल?" असे एका आईने विचारल्यावर बहिणीने गटावर भिस्त ठेवणे सोडून दिले. ती स्वाध्यायाचे कागद घेऊन वस्तीवर जाऊ लागली. कोणाच्या पडवीत, कोणाच्या गोठ्याशेजारी चार-पाच मुले अंतर ठेवून बसत, मागच्या वेळचे कागद परत येत आणि त्यांवर चहाचे डाग, क्वचित शेणाचा हातही उमटलेला असे. चौथीतली एक मुलगी धाकट्या भावंडांचे पाढे घेऊन ठेवी, म्हणजे बाईंना पुढचे शिकवायला वेळ मिळे. शासनदरबारी हे 'ऑफलाइन अध्ययन' झाले आणि त्याचीही माहिती रोज ऑनलाइन लिंकवरच भरायची होती!

शालेय पोषण आहाराचेही तसेच. नियमाने पहिली ते पाचवीच्या मुलास दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम तांदूळ असतो. शाळा बंद असल्याने हा शिधा, कडधान्यासह, दिवसांच्या हिशेबाने मोजून पालकांना देण्यात येऊ लागला. हातावर पोट असलेल्या घराला त्या टाळेबंदीत याचा किती आधार झाला हे सांगायला नको. त्याहून कमी बोलली गेलेली गोष्ट अशी की वाटपाचा दिवस हा शिक्षकांसाठी हजेरीचा दिवस ठरला. कोण आले नाही, कोणाचे कुटुंब ऊसतोडीला निघून गेले, कोणत्या सातवी-आठवीतल्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, हे वजनकाट्यापाशी उभे राहूनच कळत होते.

आणि याच शिक्षकांना आपण काय दिले? तपासणी नाक्यावरची पाळी, रेशन दुकानावरची देखरेख, विलगीकरण कक्षातील नोंदी आणि सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेतील घरोघरचे सर्वेक्षण. साथीत मनुष्यबळ कमी पडते हे मान्य; पण पहिलीच्या मुलांना ओळखणारा गावातील एकमेव माणूस नाक्यावर गाड्यांचे क्रमांक लिहीत उभा करण्यात कोणते शहाणपण होते, हे मला आजवर उमगलेले नाही.

त्याच वर्षी ३ डिसेंबरला सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. वर्तमानपत्रांनी त्यांच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडच्या प्रयोगाचे भरभरून कौतुक केले आणि ते रास्तच होते. पण मुलांच्या घरची भाषा कन्नड आहे हे पाहून ते स्वतः कन्नड शिकले, ही गोष्ट त्या कौतुकात मागे पडली. माझ्या दृष्टीने त्या वर्षी घेण्यासारखा धडा तोच होता. सोलापूर शहरातील नीलमनगरमध्येही शिक्षकांनी कामगारवस्तीतील घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले, कारण भिंतीला रिचार्ज लागत नाही.

आता शाळा उघडण्याचा क्रम पाहा. नववी ते बारावी २३ नोव्हेंबर २०२० पासून, पाचवी ते आठवी २७ जानेवारी २०२१ पासून, आणि पहिली ते चौथी? थेट १ डिसेंबर २०२१. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल अधिकृतपणे प्रथम वर्गात बसले ते दुसरीचे अर्धे वर्ष सरल्यावर, आणि पुढच्याच महिन्यात ओमायक्रॉनमुळे पुन्हा काही दिवस घरी बसले. ज्यांना फोनवरून शिकणे सर्वांत अवघड, तीच मुले सर्वाधिक काळ बाहेर राहिली. वीसच्या आत पट असलेल्या डोंगरातल्या शाळेला आणि मुंबईतल्या गजबजलेल्या शाळेला बराच काळ जवळपास एकच मापदंड लावला गेला. दुसरा मार्ग नव्हता असेही नाही: जुलै २०२१ मध्ये कोरोनामुक्त गावांत दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद पडलेले आठवी ते बारावीचे वर्ग ग्रामपंचायतीच्या ठरावाने सुरू करता आले. मग हाच अधिकार चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी का दिला गेला नाही?

उलट १ जुलै २०२१ पासून मागच्या इयत्तेची उजळणी करून घेणारा ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, तेव्हा लहान मुलांच्या शाळा बंदच होत्या, त्यामुळे तोही पुन्हा त्याच फोनवर गेला. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२२ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मधील २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर आली. त्याच काळात सरकारी शाळांतील ६ ते १४ वयोगटाचा पट ६५.६ वरून ७२.९ टक्क्यांवर गेला. त्यामागे खासगी शाळांची न परवडणारी फी असेलही, पण अडचणीच्या काळात पालकांनी मुले या शाळांच्या हवाली केली, हे तर खरे.

म्हणून माझी मागणी मोजकी आहे. साथ, पूर किंवा अन्य कारणाने पुन्हा शाळा बंद ठेवण्याची वेळ आली, तर पहिली ते चौथीचा निर्णय ग्रामपंचायत आणि शाळा व्यवस्थापन समितीने मिळून घ्यावा, उघडण्याची सुरुवात याच वर्गांपासून व्हावी, आणि त्यांच्या शिक्षकांना दुसऱ्या कोणत्याही खात्याच्या कामाला जुंपण्यास शासन निर्णयानेच मनाई असावी.